न आल्यास कारण

फेडरेशनच्या कोठीत मला एकोणीस वर्षं झाली.
त्याआधी लेफ्ट बॅक होतो, त्याआधी सैनिक,
त्याआधी काय होतो ते आईला ठाऊक होतं.
अस्मारा उंचावर आहे, सकाळी बोटं ताठरतात,
म्हणून मोजणी मी ऊन खिडकीत आल्यावरच करतो:
बावीस जर्सी, बावीस चड्ड्या, मोज्यांचे बावीस जोड,
कप्तानाचा दंडपट्टा एक.

वहीत चार रकाने.
दिली. कुणाला. परत आली. न आल्यास कारण.
चौथा भरताना मी दार लोटून घेतो.

बाहेरदेशी सामना ठरला की मुलं रांगेनं येतात,
येताना प्रत्येकाचा एक जामीनदार सही करून गेलेला असतो:
कुणाचा सायकल दुरुस्त करणारा मामा,
कुणाची निवडुंगाची फळं विकणारी आई, अंगठा.
मेरहावी दर वेळी बाह्या दोनदा दुमडून बघायचा.
झेरसेनाय जर्सी नाकाशी धरायचा,
"अबो, पुन्हा तोच साबण?"
तोच, म्हटलं. भांड्यांचा. फेडरेशनला तोच परवडतो.

त्या खेपेला तीन शून्यनं हरले.
रेडिओनं ते सांगितलं आणि लगेच गाणं लावलं.
विमानतळावरून मिनीबस आली,
दार उघडं राहिलं बराच वेळ,
तेरा उतरले.
ड्रायव्हर उगाच मागच्या सीटांखाली बघून आला.

कुणी काही बोललं नाही.
चिटणीस गेब्रेअमलाक यांनी तिसऱ्यांदा कॉफी मागवली
आणि ती निवेपर्यंत शिक्क्याची जांभळी शाई
अंगठ्यानं पुसत बसले.
मग म्हणाले, वोल्देझ्गी, वही पूर्ण करून आण.

चार नंबर: बाही उसवली.
सात नंबर: रंग गेला.
अकरा: इस्त्रीत जळाली.
चौदा, मेरहावीची: फाटली.
अशा नऊ.
यानं कुणी वाचत नाही, एवढं मला कळतं,
मामाला बोलावणं आलंच, सायकलींचं दुकान महिनाभर बंद होतं.
पण 'पळाला' असं मला लिहिता येईना.
पळ, पळ, असंच तर ओरडत होतो
आम्ही सगळे, चिटणीससुद्धा, उभे राहून,
तो डाव्या कडेनं चेंडू घेऊन निघाला की.

गेब्रेअमलाक यांनी नऊही कारणं वाचली.
चष्मा काढला, पुसला, सही केली.
एवढंच म्हणाले, इस्त्री जपून करत जा.

दीड वर्षानं एक पुडकं आलं.
कुठल्या तरी लग्नाला गेलेल्या बाईनं
कंपालाहून साड्यांसारख्या झिरझिरीत पांढऱ्या कापडांत लपवून आणलेलं.
चिठ्ठी नाही. आत चौदा नंबर,
धुतलेली, घडी घातलेली,
बाह्यांवर दोन दुमडींच्या रेघा तशाच
आणि वास, काय सांगू, लिंबाचा, महागाचा.

आता फाटलेली जर्सी परत कशी आली
हे कोणत्या रकान्यात बसतं?
रात्रभर ती टेबलावर ठेवून मी समोर बसलो.
फाडायला घेतली. शिवण पक्की निघाली.
आईकडे नेली, तर तिनं दारातूनच हात मागे घेतला,
पोरगी म्हणाली, घरात ठेवली तर विचारतील.

या महिन्यात नवीन मुलं आलीत.
सोळा-सतरा वर्षांची, गुडघ्यांना माती.
एकाचं नाव अमानुएल, केरेनचा, डाव्या पायाचा,
त्याला चौदा दिली.
त्यानं बाहीवरच्या रेघेवरून बोट फिरवलं,
वास घेतला. कुणाची होती, अबो?
नवीन आहे, म्हटलं.
जरा वेळानं म्हटलं, बाह्या दुमडू नकोस.

तो मैदानाकडे गेला.
मी मोजे मोजायला घेतले, एक जोड कमी भरला,
पुन्हा पहिल्यापासून.